निव्वळ वजन

यवतमाळला जाण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यातला एकही धड यवतमाळपर्यंत जात नाही. मुंबईचा माणूस रेल्वेने धामणगावला उतरतो आणि पुढचा रस्ता एसटीत बसून कापतो. विमानतळ आहे, पण त्यावर तुमच्या-माझ्यासाठी विमान उतरत नाही. पूर्वी शकुंतला होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज किलिक-निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला घातली. १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत पुरवून वापरलं. मग डिझेल आलं, आणि पुढे गाडीच थांबली. आता वर्ध्याकडून ब्रॉडगेज येते आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी ती कळंबपर्यंत पोचली आणि तिथेच दम खात बसली. सासरे म्हणतात, "पुढच्या पिढीले घ्यायले जाऊ स्टेशनवर."

या जिल्ह्याचा मी जावई. उंची पाच फूट तीन इंच, वजन चौऱ्याऐंशी किलो. लग्न ठरताना माझी उंची फेट्यासकट सांगावी, अशी आमच्या आईची सूचना होती आणि ती पाळली गेली. तेव्हापासून सासरवाडीत माझ्याकडे सगळे किंचित संशयाने पाहतात. माप कमी निघालेल्या मालाकडे पाहावं, तसं.

२०२४ ची दिवाळी आटोपली होती. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्यासाठी जिल्हादर्शन आखलं. सकाळी कळंबचा चिंतामणी, दुपारी टिपेश्वरला वाघ, संध्याकाळी केळापूरची जगदंबा. उद्या उमरखेडकडे सहस्रकुंडाचा धबधबा. परवा वणीचे रंगनाथस्वामी, आणि तिथून कायरचे गरम पाण्याचे झरे, कंसात 'जवाईबापूंच्या गुडघ्यासाठी'. वणीचं नाव घेतलं की त्यांच्यातला मास्तर जागा होतो. पूर्वी जिल्हा वणीच्या नावाने होता, १९०५ साली तो यवतमाळचा झाला, आणि लोकनायक बापूजी अणे वणीचे. एवढं सगळं मी पाठ म्हणून दाखवल्यावरच चहा आला.

वाहन मेहुण्याचं. पूर्वाश्रमीची काळी-पिवळी जीप, आता सगळीकडून पांढरी. फक्त दार उघडलं की आतल्या कडेला जुना पिवळा रंग दिसे. मला मानाने पुढे बसवलं. माझे पाय खाली टेकेनात, म्हणून सासूबाईंनी पायाखाली रोडग्यांचा डबा सरकवला. मागे सासरे, सासूबाई, आत्याबाई, बायको, मेहुण्याची बायको आणि तिची दोन मुलं. जीप गल्लीतून बाहेर पडली तेव्हा मेहुणा सहज म्हणाला,

"भाऊजी, एक सांगाचं राह्यलं. रिव्हर्स पडत नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे गाडी मांगं जात नाई. पुढं येकदम मस्त जाते."

गिअरबॉक्समधला कुठलासा दात गेला होता. दिवाळीनंतर बसवायचा होता. दिवाळी कालच संपली होती, तेव्हा त्याला दोष देता येईना.

मागे न जाणाऱ्या गाडीतून पर्यटन करायचं तर स्थळं वेगळ्या नजरेने पाहावी लागतात. देऊळ जागृत आहे का, हा प्रश्न दुय्यम. पुढे वळायला मैदान आहे का, हे आधी. थांबायचं ते चढाकडे तोंड करून, म्हणजे ब्रेक सोडला की गाडी आपोआप मागे घरंगळते. सासऱ्यांनी याला 'नैसर्गिक रिव्हर्स' असं नाव दिलं होतं. कळंबला बाजारात चढ सापडला नाही. मेहुण्याने आम्हाला चालत्या गाडीतून जवळजवळ पेरलं आणि आमचं दर्शन होईपर्यंत तो गावाला प्रदक्षिणा घालत राहिला. चिंतामणी पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात आहे. आत गारवा आहे, कुंड आहे, आणि इंद्राने तप केल्याची कथा आहे. ती मी अर्धीच ऐकली, कारण वरून हॉर्न वाजत होता.

पांढरकवड्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी पराटी फुटून पांढरी झाली होती. बाया ओट्या बांधून वेचत होत्या. बायको म्हणाली, "लहानपणी आम्ही यात लपायचो." मी उभा राहिलो असतो तर मीही लपलो असतो, हे कोणीतरी बोलणार हे मला माहीत होतं. आत्याबाई बोलल्या.

आणि मग ती रांग आली.

रस्त्याच्या डाव्या अंगाला ट्रॅक्टर-ट्रॉल्या, छोटे टेम्पो, अधूनमधून बैलबंड्या, सगळ्या कापसाने शिगोशीग भरलेल्या. पुढे कुठेतरी जिनिंग होतं आणि तिथे हमीभावाने खरेदी चालू होती. मेहुण्याने रांगेच्या उजवीकडून गाडी काढली. समोरून गाठी भरलेला ट्रक आला. मेहुण्याने दोन ट्रॉल्यांमधली फट पाहिली आणि जीप तिच्यात घातली. ट्रक गेला. तेवढ्यात मागची ट्रॉली आमच्या बंपरला येऊन टेकली.

आता पुढच्या ट्रॉलीला वळसा घालायचा तर आधी हातभर मागे येणं भाग होतं. सगळा भूगोल आणि सगळं यंत्रशास्त्र त्या हातभर अंतरात अडकलं. डावीकडे नाला, उजवीकडे चालता रस्ता, मागे एका शेतकऱ्याचं वर्षभराचं उत्पन्न. मी खाली उतरून त्याला विनंती केली, "जरा मागे घेता का?"

त्याने आपल्या मागे पाहिलं. मागे आणखी पंधरा-वीस ट्रॉल्या लागल्या होत्या. "मी घेतो," तो म्हणाला. "थे घेतात का इचारून या."

मी विचारायला गेलो नाही. रांग सरकली. आम्हीही सरकलो, कारण न सरकलो असतो तर मागून जे आवाज आले असते ते मुलांसमोर ऐकण्यासारखे नव्हते. टिपेश्वरची सफारी दुपारची होती, पैसे भरलेले होते. मी घड्याळ पाहत होतो आणि सासूबाई रोडगे वाढत होत्या. माझ्या पायाखालचा डबा निघाल्यामुळे पाय पुन्हा लोंबकळू लागले. पुढच्या ट्रॉलीवरचा पोरगा कापसावर पालथा पडून मला न्याहाळत होता. त्याने शेवटी आपल्या बापाला विचारलं, "बाबा, या लोकायनं कापूस कुठी ठेवला?"

रांग मुख्य रस्ता सोडून फाटकाच्या बोळात वळली तेव्हा उरलीसुरली आशा संपली. दोन्हीकडे भिंती. फाटकावरच्या रखवालदाराने खिडकीतून डोकं आत घातलं.

"सातबारा?"

"आम्ही वाघ पाहायला चाललोय," मी म्हणालो.

"आधार, बँकेचं पासबुक?"

मेहुण्याने परिस्थिती सांगितली. रखवालदाराने पुन्हा आत पाहिलं, एकेकाचा चेहरा निरखला, आणि फाटकाकडे तोंड करून ओरडला, "येऊ द्या! मानसं हायेत!"

आत गेल्यावर दिसलं ते मी विसरणार नाही. अंगणभर कापसाचे डोंगर. डोळे दिपावेत असं पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर माणसं मुंग्यांएवढी. सरकीचा कोमट वास. मुलं खिडकीतून उड्या मारायला निघाली. त्यांना आत्याबाईंनी कॉलर धरून आत ओढलं.

बाहेर पडायची वाट वजनकाट्यावरून होती, दुसरी नव्हती. जीप काट्यावर चढली. वरच्या केबिनमधल्या पोराने मान वर न करता गाडीचा नंबर टाकला, वजन टाकलं, बटण दाबलं. मग त्याने मान वर केली.

"कापूस कुठं हाये?"

"नाई," मेहुणा म्हणाला.

"मंग भरली गाडी कायची?"

एकदा भरल्या गाडीची नोंद झाली की रिकाम्या गाडीचं वजन घेतल्याशिवाय ती नोंद मिटत नाही, आणि ती मिटेपर्यंत दुसरी गाडी घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मागून हॉर्न सुरू झाले. तेव्हा काट्यावर आम्हाला रिकामं करण्यात आलं. आत्याबाईंनी डबे आणि पाण्याची कॅन जीपमध्ये ठेवायला साफ नकार दिला. "आपलं समदं उतरवा. मोजाचं तं नीट मोजा." आम्ही एका ओळीत कापसाच्या ढिगाशेजारी उभे राहिलो. ड्रायव्हरसह रिकामी जीप मोजली गेली, आणि वरून पावती खाली आली. निव्वळ वजन : ४५० किलो.

अख्खं जिनिंग हसलं. सासऱ्यांनी डोळे मिटून गुणाकार केला. "साडेचार क्विंटल. लांब धागा ७,५२१ नं. तेहतीस हजार आठशे चव्वेचाळीस रुपये पन्नास पैसे."

तिथे हातात ओलावा मोजायचं यंत्र घेतलेला ग्रेडर उभा होता. शेजारच्या शेतकऱ्याने त्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "साहेब, याईचा पाहा." नोव्हेंबरात मी घामाने निथळत होतो. ग्रेडरने दुरूनच पाहिलं आणि सांगितलं, "बारा."

बाराचा अर्थ मला सासऱ्यांनी समजावला. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर जितके टक्के, तितकी कपात. बाराच्या पुढे गेला की माल परत. मी काठावर पास झालो होतो.

मागच्या ट्रॉलीचा कापूस चौदा निघाला.

तो मघाचाच माणूस, मागे घेता का म्हणून मी ज्याला विचारलं होतं. त्याने कोणाशी हुज्जत घातली नाही. दव असताना सकाळीच वेचला होता, मजूर मिळाले तेव्हा वेचावा लागतो, एवढंच म्हणाला. ट्रॉली भाड्याची होती. आता ती परत न्यायची, कापूस अंगणात पसरायचा, वाळवायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा रांग. नाहीतर बाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात, आत्ता. आमची जीप काट्याच्या उतरणीवर बंद पडली होती. ती ढकलायला तो स्वतःहून आला. ढकलताना म्हणाला, "तुमचं वजन तं झालं, भाऊ." आणि हसला. चांगलं हसला. मला मात्र पुढची पाच मिनिटं काही सुचेना.

यवतमाळ माझी सासरवाडी, असं मुंबईत सांगितलं की समोरचा माणूस आवाज खाली घेतो आणि 'तिकडे फारच...' म्हणून वाक्य अर्धवट सोडतो. मला त्याचा मनस्वी राग येतो. या जिल्ह्यात आलेले सर्वांत नामवंत पाहुणे वाघ किंवा देऊळ पाहायला आलेले नाहीत. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात हा जिल्हा होता. २०१४ साली आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' झाली. कॅमेरे आले, दुःख पाहिलं, चहा प्याला, गेले. त्या सगळ्यांच्या गाड्यांचा रिव्हर्स उत्तम पडत असणार. कोणालाही रांगेत अडकून काट्यावरून जावं लागलं नाही. भरली ट्रॉली परत नेणारा माणूस आपल्या जीपलाही हात लावतो आणि वर हसतो, हे पाहायला तेवढा वेळ थांबावं लागतं. आम्ही काही मोठ्या मनाने थांबलो नव्हतो. आमच्या गिअरचा दात पडला होता.

टिपेश्वरच्या सुन्ना फाटकावर पोचलो तेव्हा शेवटची जिप्सी केव्हाच आत गेली होती. टिपाई देवीच्या नावाचं हे अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं. त्यातला आम्ही पाहिला तो एक अडसर आणि एक फलक. वनरक्षकाने समजूत घातली, वाघ तसाही सगळ्यांना दिसत नाही. मग त्याने 'वॉकर'ची गोष्ट सांगितली. इथलाच तरणा वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला. २०१९ च्या जूनमध्ये निघाला तो तेलंगणातून फिरत, शेतं, रस्ते, कालवे ओलांडत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तीन हजार किलोमीटरच्या वर चाल झाली.

"परत आला?" बायकोने विचारलं.

"नाही."

"त्याचाबी पडत नसन," मेहुणा म्हणाला.

फाटकासमोर रस्ता अरुंद होता. वनरक्षक, दोन गाईड आणि चहावाला यांनी जीप उचलल्यासारखी करून फिरवून दिली. मी उतरायला लागलो तर चहावाला म्हणाला, "तुम्ही बसा नं, तुमचं काय वजन." ही त्या दिवसातली एकमेव प्रशंसा. पण पावती सासऱ्यांच्या खिशात होती.

जगदंबेला बाहेरूनच हात जोडले. थांबलो असतो तर निघता आलं नसतं.

रात्री जेवणं झाल्यावर सासरे पावती, चष्मा आणि कॅलेंडर घेऊन बसले. हिशेबात एक चूक राहिली होती, ती त्यांना छळत होती. सरसकट सगळ्यांना लांब धाग्याचा भाव लावला होता, ते नियमाला धरून नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"मध्यम धागा," ते म्हणाले. "७,१२१. चौऱ्याऐंशी किलोचे पाच हजार नऊशे एक्क्याऐंशी रुपये चौसष्ट पैसे. ओलावा बारा, म्हंजे चार टक्के कपात. पाच हजार सातशे बेचाळीस."

मी निषेध करायला तोंड उघडलं, तर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली,

"बाबा, देऊन टाका. खासगीत एवढा भाव येत नाही."