क्राउनवाले गुरुजी

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या गावागावांत असा एक निवृत्त मास्तर सापडतो, ज्याच्यासमोर इंग्रजी शब्द उच्चारायची सोय नाही. सापगावचे गुरुजी त्यांतले जरा जास्तच कडवे.

परवा एकजण गाल धरून त्यांच्या ओटीवर टेकला. दाताच्या डॉक्टरने 'क्राउन बसवावा लागेल' म्हणून सांगितलं होतं. गुरुजी खुलले. क्राउन म्हणजे मुकुट. क्राउन म्हणजे विलायतेतलं पाच शिलिंगांचं नाणं. डोक्याचा माथा क्राउन, झाडाचा शेंडा क्राउन, छापखान्यात पुस्तकाचा आकारही क्राउन. रस्त्याचा मधला उंचवटासुद्धा क्राउनच, "आपल्या रस्त्याला तो नाही, म्हणून पाणी साचतं."

"गुरुजी, पैसे किती घेतील?"

"ते कोशात नाही."

एकदा भातसेच्या पुलाजवळ भेंडीचा टेम्पो बंद पडला. मेकॅनिक गाडीखालून ओरडला, "क्राउन-पिनियन गेलं!" गुरुजी अनवाणीच धावले. पिनियन या शब्दाचं मूळ पाइनच्या शंकूत आहे, असं त्यांचा ऑक्सफर्डचा कोश म्हणतो. म्हणजे एकाच खोक्यात मुकुट आणि पाइन, दातात दात अडकवून! ड्रायव्हरला कल्याणचा बाजार गाठायचा होता. "पाइनचा दुसरा अर्थ झुरणे," गुरुजी त्याला म्हणाले. "तो तुला आज कळेल."

आमच्याकडे साग, ऐन, मोह आहे. पाइन औषधालाही नाही. झुरायचं ते माणसांनीच. गुरुजी अननसावर भागवतात. इंग्रजीत पाइनॲपल म्हणजे आधी पाइनचा शंकूच. अमेरिकेतलं हे फळ दिसायला तसं, म्हणून नाव त्याला चिकटलं. त्याच्या डोक्यावरच्या पानांच्या तुऱ्यालाही क्राउन म्हणतात. फळवाला तो छाटून फेकतो, गुरुजी पिशवीत भरतात आणि परसात लावतात. फळ धरायला दोनेक वर्षं लागतात, तोवर व्याख्यान चालू. (अख्खा अननस त्यांनी विकत घेतलेला मात्र मी अजून पाहिलेला नाही.)

हरतालिकेच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या बायकोनं केवडा आणायला सांगितला.

"अगं, केवडा म्हणजे स्क्रू-पाइन! खऱ्या पाइनशी त्याचं काडीचं नातं नाही, तरी इंग्रजांनी—"

"स्क्रू म्हणा नाहीतर खिळा म्हणा. बाजार उठायच्या आत आणा."