बाष्पसाधक

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या लेथ आणि फाउंड्रीच्या पट्ट्यात जुन्या डिझेल गाडीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका गृहस्थवर्गाला सोयीसाठी ‘बाष्पसाधक’ म्हणता येईल. हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो, त्याच्या दारात पंधरा-वीस वर्षांची सुमो उभी असते, आणि ‘ॲव्हरेज’ हा शब्द, म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा, तो कुलदैवताचे नाव घ्यावे तशा स्वरात उच्चारतो. गाडी अकरा देते, तिने चौदा दिले पाहिजे, आणि मधले तीन किलोमीटर पाण्यात दडलेले आहेत, अशी त्याची श्रद्धा असते.

या श्रद्धेला इतिहासाचा आधार अगदीच नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात काही जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारले जात असे, आणि जहाजांच्या अवाढव्य डिझेल इंजिनांतही धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी पाण्याचा उपयोग झालेला आहे. साधकाला हे दोन्ही दाखले मुखोद्गत असतात. मात्र विमानाचे इंजिन पेट्रोलचे होते आणि तेथे पाणी काटकसरीसाठी नव्हते, तर जादा ताकद घेताना होणारे ‘नॉकिंग’, म्हणजे इंधनाचा अवेळी उडणारा भडका, रोखण्यासाठी होते, एवढा तपशील त्याच्या कथनातून गळतो. पाणी जळत नाही. उलट एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, म्हणजे इंजिनाच्या घरात ते मिळवते माणूस म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून येते. शिवाय एक लिटर डिझेल जळताना त्यातील हायड्रोजनमुळे जवळजवळ एक लिटर पाणी तसेही तयार होऊन वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते. हे कोणी सांगितलेच, तर साधक ती वाफ परत आत कशी वळवता येईल या विचारात पडतो.

पाण्याची वाफ इंजिनात सोडण्यासाठी साधक जे यंत्र जुळवतो, त्याची सामग्री मात्र पाहण्यासारखी असते. सलाइनची रिकामी बाटली, थेंबांची गती कमी-जास्त करणारे तिचे चाक, माशांच्या टाकीतला बुडबुडे सोडणारा दगड, फ्रिजवाल्याकडून आणलेली पाव इंची तांब्याची नळी, दोन जुबिली क्लिपा आणि या सर्वांना एकत्र कुटुंबासारखे बांधून ठेवणारे एम-सील. नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात बारीक वाळू ठासून भरायची, तोंडे बंद करायची आणि मग ती पाइपाच्या तुकड्यावर वेढे देत गुंडाळायची, हे काम साधक इतक्या हळुवारपणे करतो की पाहणाऱ्यालाही क्षणभर वाटते, चौदा मिळायला हरकत नाही. वाफेचे पूर्वप्रयोग स्वयंपाकघरात होत असल्याने या काळात कुकरची शिट्टी गायब असते आणि वरण पातेल्यात शिजते. त्यासाठी जळालेल्या गॅसची नोंद वहीत होत नाही.

अडचण उभी राहते ती गॅरेजमध्ये. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा एका झडपेने अडवली जाते, त्यामुळे झडपेपलीकडे ओढ, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘व्हॅक्यूम’, निर्माण होते. जुन्या डिझेल इंजिनात ही झडप नसते आणि ताकद केवळ डिझेलचे प्रमाण बदलून कमी-जास्त होते. “साहेब, डिझेलला व्हॅक्यूम कुठला? बाटली ओढणार कोण?” असे मिस्त्री विचारतो, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे ते सिलिंडरमध्ये साचले तर कनेक्टिंग रॉड वाकेल, असेही बजावतो. साधक यावर फक्त मंद हसतो आणि थेंबांचे चाक अर्धा आटा घट्ट करतो.

चाचणी कोल्हापूर-सातारा महामार्गावर होते. एकाच पंपावर, नोझलचा खटका दोनदा पडेपर्यंत टाकी भरली जाते, एसी बंद ठेवला जातो, टपावरचा कॅरिअर उतरवला जातो, घरच्यांना वजनाच्या कारणावरून घरीच ठेवले जाते, आणि एरवी नव्वदने जाणारी सुमो पंचावन्नवर अशी चालवली जाते की मागचे ट्रक हॉर्न वाजवून थकतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हा नियम उलट्या दिशेनेही तितकाच प्रामाणिक असल्याने ॲव्हरेज खरोखरच साडेतेरा भरते. भागाकार तीनदा केला जातो, पेढे वाटले जातात आणि मिस्त्रीलाही एक पोहोचवला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडल्यावर बाटलीवर मार्करने मारलेल्या खुणेपासून पाणी केसभरही खाली गेलेले नसते. साधक त्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहतो, चष्मा पुसून पुन्हा पाहतो, आणि मग वहीत लाल शाईने नोंद करतो : ‘पाण्याचा खर्च – नगण्य.’