मंडळाचे नाना

मांडव्यापासून श्रीवर्धनापर्यंत समुद्राच्या कडेकडेने निघालेल्या मनुष्यास वाटेत जितकी नारळी-पोफळीची आगरे लागतात, जवळजवळ तितकीच कबड्डीची क्रीडामंडळे लागतात. आणि ज्याप्रमाणे प्रत्येक आगरात एक तरी असे झाड असते की ज्याला फळ धरेनासे झाले आहे, परंतु जे तोडण्याची कोणाची छाती होत नाही, त्याप्रमाणे प्रत्येक मंडळात एक नाना असतात. कोठे त्यांना भाऊ म्हणतात, कोठे तात्या. अधिकार मात्र सर्वत्र एकच. ते अध्यक्ष नसतात, कारण अध्यक्षाला वर्गणी मागत फिरावे लागते. चिटणीस नसतात, कारण चिटणिसाला हिशेब द्यावा लागतो. ते मंडळाचे इतिहासकार असतात, आणि इतिहासाचा हिशेब तपासण्याची तरतूद कोणत्याही मंडळाच्या घटनेत आजतागायत झालेली नाही.

आमच्या नानांच्या मंडळाचे नाव मी येथे देत नाही, कारण ते दिल्यास समोरच्या आळीतील मंडळाचेही द्यावे लागेल, आणि त्यांपैकी कोणाचे प्रथम द्यावे यावरून जो प्रसंग ओढवेल तो निस्तरण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी नाही. नाना स्वतः एके काळी डाव्या कोपऱ्यात खेळत असत असे ते सांगतात. ज्यांनी त्यांचा खेळ पाहिला ते सर्व एकतर दिवंगत झाले आहेत किंवा मुंबईस स्थायिक झाले आहेत, त्यामुळे त्या कीर्तीस वाद उरलेला नाही. भातकापणी आटोपून खाचरे सुकली, मैदान आखले गेले आणि दिव्यांच्या झोतात निमंत्रितांचे सामने सुरू झाले की नाना समालोचकाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात, आणि चढाईपटू निदानरेषेपर्यंत पोचतो न पोचतो तोच तीस सेकंदांचे घड्याळ लावून दम मोजणाऱ्या या युगाचा निषेध नोंदवतात. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे आपले देशी खेळ करून दाखवले, ही हकीकत ते अशा तपशिलाने सांगतात की त्या वेळी त्यांचा जन्मही झाला नव्हता हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचे सुवर्णपदक भारताने पटकावले, त्यास ते आपल्या मंडळाच्या कार्याची पावती मानतात. २०१४ साली व्यावसायिक लीग निघून खेळाडूंचे लिलाव होऊ लागले तेव्हा मात्र ते खिन्न झाले. "आमच्या वेळी खेळाडू कोणी विकत घेत नसे," ते म्हणाले, "पळवून नेत असे."

नानांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे, आणि तेच मंडळाचे दप्तर. तीत ठरावांचे बुक, वाळवीने चाखलेली रोजकीर्द, पंचाची एक मुकी शिट्टी आणि मूळ मंडळ दुभंगले त्या रात्रीचा, पोलीस पाटलांच्या सहीचा पंचनामा असे दस्तऐवज आहेत. मूळ मंडळ एकच होते. एका वर्षी त्याने चषक जिंकला, आणि तो वरच्या आळीत ठेवावा की खालच्या, या प्रश्नावर मंडळाची दोन मंडळे होऊन चषकास ती रात्र पाटलांच्या ताब्यात काढावी लागली. दोन्ही मंडळे स्थापनेचे वर्ष एकच सांगत असल्यामुळे दोहोंचा सुवर्णमहोत्सव एकाच रात्री, परस्परांकडे तोंडे केलेल्या ध्वनिक्षेपकांच्या साक्षीने पार पडला. मूळ वारस आपणच, हे सिद्ध करण्यासाठी नानांनी ट्रंकेतला जुना कापडी फलक बाहेर काढला. त्यावर 'जिल्हा कुलाबा' असे शब्द होते, आणि जिल्ह्याचे नाव १९८१च्या जानेवारीत रायगड झाले असल्यामुळे फलक त्यापूर्वीचा ठरत होता. समोरच्या मंडळाने आठवड्याच्या आत नवा फलक रंगवून त्यावरही 'कुलाबा' लिहवून घेतले.

नानांचा पुतण्या बोटीवर आहे. त्याची बोट एकदा काळ्या समुद्रावरील बल्गेरियाच्या वार्ना बंदरास लागली असता त्याने तेथून काकांसाठी एक निळा लोकरी गळपट्टा आणला. तो सोफिया शहरातील लेव्हस्की या फुटबॉल क्लबाचा होता. कोकणच्या हवेत लोकरीचे काम ते काय, परंतु नानांच्या मंडळाचा रंग निळा आणि समोरच्यांचा तांबडा. तेव्हा पुतण्याला ओट्यावर बसवून नानांनी मामलेदाराने जबानी घ्यावी तशी त्याची जबानी घेतली. हा क्लब १९१४ साली शाळकरी पोरांनी काढला, हे ऐकून ते प्रसन्न झाले, कारण त्यांचे मंडळही शाळा बुडवणाऱ्या पोरांनीच काढले होते. क्लबास नाव दिले ते वासिल लेव्हस्की या क्रांतिकारकाचे, ज्याला तुर्कांनी १८७३ साली सोफियात फाशी दिले. यावर नाना क्षणभर गंभीर झाले. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी १८७९ साली बंड करून पुढे एडनच्या कैदेत प्राण ठेवला. मग मंडळास त्यांचे नाव का नाही, असे मी विचारले असता, मैदान देवस्थानाचे असून देवीचे नाव दिल्याशिवाय भाडे माफ होत नव्हते, असा खुलासा झाला.

लेव्हस्कीच्या समोरचा तांबडा क्लब सीएसकेए हा सैन्याचा, आणि तो १९४८ सालचा, हे कळताच नानांनी तो आकडा पंचनाम्याच्या मागे टिपून घेतला. परंतु त्यांचे खरे चित्त जडले ते १९८५ सालच्या प्रकरणावर. त्या वर्षीच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात या दोघांत अशी हाणामारी झाली की तेथील कम्युनिस्ट सरकारने फर्मान काढून दोन्ही क्लब बरखास्त केले, एकाचे नाव डोंगरावरून वितोशा, दुसऱ्याचे शहराच्या जुन्या नावावरून स्रेदेत्स असे ठेवले आणि काही खेळाडूंना तहहयात बंदी केली. "नाव बदलल्याने दावा निकालात निघतो, असे त्या सरकारास वाटले काय?" नानांनी विचारले. पुतण्या म्हणाला, "नाही नाना, ती राजवट कोसळल्यावर जुनी नावे परत आली." बंदी पुढे उठली, आणि बंदी झालेल्यांपैकी स्टोइच्कोव्ह व मिहायलोव्ह हे १९९४च्या विश्वचषकात जर्मनीस हरवून चौथ्या क्रमांकावर आलेल्या बल्गेरियाच्या संघात होते, पहिला सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने अव्वल, दुसरा गोलरक्षक आणि कर्णधार. पहिला तांबड्या क्लबाचा, दुसरा निळ्या. "देशासाठी एकत्र खेळले, ठीक आहे," नाना म्हणाले. "गावासाठी तर खेळले नाहीत ना?"

या हकीकतीचा पहिला परिणाम पुढच्या सर्वसाधारण सभेत दिसून आला. पंचाच्या कानशिलात मारणाऱ्या एका होतकरू मध्यरक्षकास समज देऊन सोडावे असे सर्वांचे मत पडत असताना नाना उठले, आणि तहहयात बंदीशिवाय जागतिक दर्जाचा खेळाडू तयार होत नाही, सबब मुलाच्या भवितव्याचा विचार करून त्याला ती द्यावी, असा ठराव त्यांनी मांडला. अनुमोदन मिळाले नाही. मुलाच्या आईने मात्र तीन दिवस नानांच्या घरावरून जाण्याचे टाळले.

दुसरा परिणाम असा की समोरच्या आळीतूनही बोटीवरच्या एका मुलाला तांबड्या गळपट्ट्याची मागणी गेली, आणि दोन्ही आळ्यांच्या वैराची चौकशी आता सोफियापर्यंत पोचली. पुतण्या पुन्हा बोटीवर जायला निघाला, तेव्हा मांडव्याच्या जेटीवर गर्दीत उभे राहून, तो निळा गळपट्टा कानांवरून घट्ट बांधलेल्या नानांनी त्याला एकच गोष्ट विचारली.

"अरे, त्या दोघांचे अजून जमत नाही ना?"

"छे, नाना. आजही त्यांच्या सामन्याला पोलिसांचा बंदोबस्त लागतो."

नानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पुतण्याच्या हातावर खाऊला म्हणून शंभराची नोट ठेवली, आणि पुढल्या खेपेस तिथल्या पाटलाने केलेला पंचनामा मिळाला तर नक्कल घेऊन ये, असे बजावले.