मधल्या बाकावरचा गोंधळ

सातारा ते कुपवाड या प्रवासावर आजवर कुणी प्रवासवर्णन लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. लिहिण्यासारखं त्यात काही घडत नाही, हे कारण असावं. आमच्या बाबतीत घडलं.

भाच्याचा साखरपुडा कुपवाडात होता. गाडीत मी, बायको, आत्या, लेकीकडे चार दिवस राहायला आलेले माझे सासरे आणि पाच किलो कंदी पेढे. गाडी पाहुण्यांत उठून दिसावी म्हणून पहाटे मी तिला न्हाऊ घातलं होतं. बॉनेट उघडून, नळी लावून, अगदी कानामागचा मळ काढावा तसं.

पेठ नाक्याला हायवे सोडला आणि काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला.

"कासव आलंय बघा," बायको म्हणाली. चित्र इंजिनाचं असतं, पण ते मला नळासारखं दिसतं आणि तिला कासवासारखं. आत्याचं निदान तयार होतं: "निघताना शेजारीण शिंकली होती." मी पेट्रोलमधल्या भेसळीवर एक छोटं व्याख्यान दिलं. मास्तरकीची 31 वर्षं झाली की माणसाला माहीत नसलेल्या विषयावरही बोलता येतं.

शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला. ते मिरज जंक्शनवरून निवृत्त झालेले. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या ज्यानं एका स्टेशनात पाहिल्या, त्याला मोटारीचं काय कौतुक? "जावईबापू, पिवळा सिग्नल म्हणजे थांबायचं नाही. वेग कमी करायचा आणि जपून पुढं जायचं."

आम्ही जपून पुढं गेलो. आष्टा मागं पडलं आणि दिवा लुकलुकू लागला. गाडीला उचक्या लागल्या. पॅडल दाबावं तर ती पुढं जाण्याऐवजी नुसती थरथरे. "आता सिग्नल डोळा मारतोय. याला काय म्हणतात?" मी विचारलं. सासरे खिडकीबाहेर ऊस बघू लागले.

डिग्रज, सांगलवाडी करत आयर्विन पुलावर आलो. तेव्हा सासऱ्यांना पुन्हा कंठ फुटला. "हा पूल 1929 चा. अजून खणखणीत. तुमची गाडी कितीची?"

"2019."

ते काही बोलले नाहीत. कृष्णामाईनंही माझी बाजू घेतली नाही.

माधवनगरवरून कुपवाडच्या एमआयडीसीत शिरलो आणि गाडीनं मान टाकली. जागा मात्र तिनं शहाणपणानं निवडली होती. आजूबाजूला शेड, लेथचा आवाज, तेलाचा वास. मिनिटभरात चहाच्या टपरीवरून पाच-सहा जण आले आणि प्रत्येकानं वेगळा रोग सांगितला. भाचा मोटारसायकलवर एका मिस्त्रीला मागं बसवून आला. मिस्त्री तेवढा एकटा गप्प होता.

त्यानं स्टेअरिंगखाली हात घातला, तिथल्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि म्हणाला, "पी 0302. मिसिंग करतीया. तिनातला दोन नंबरचा सिलिंडर झोपलाय."

"म्हणजे मधला?" भाचा हसला. "सांगली, मिरज, कुपवाड! 1998 पासून महापालिकेचं हेच तीन सिलिंडरचं इंजिन. मधली म्हणजे मिरज झोपली की!"

सासऱ्यांना हे झोंबलं. "मिरज कधीच झोपत नाही. रात्रभर गाड्या असतात."

"कोड नुसता सिलिंडर सांगतो, चोर सांगत न्हाई," मिस्त्री म्हणाला. चोर प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल. मग त्यानं जे केलं ते पाहून मला भरून आलं. त्यानं दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला बसवली, तीनची दोनला, कोड पुसला आणि गाडी चालू केली.

अहो, हे तर मी 31 वर्षं वर्गात केलं! मधल्या बाकावर गोंधळ असला की संशयिताला उचलून शेवटच्या बाकावर बसवायचं. गोंधळ तिकडे गेला तर कार्टं वाईट, मधल्याच बाकावर राहिला तर बाकच वाईट.

दिवा पुन्हा लुकलुकला. स्कॅनर म्हणाला, पी 0303. गोंधळ शेवटच्या बाकावर गेला होता!

"कॉइलच गेलीया," मिस्त्री म्हणाला आणि तिचं रबर त्यानं पालथं केलं. आतून पाण्याचे चार थेंब पडले. "इंजिन धुतलं हुतं काय कुणी?"

सगळं कुटुंब माझ्याकडे बघू लागलं. मी ऊस शोधू लागलो, पण एमआयडीसीत ऊस नसतो.

"आणि दिवा लुकलुकताना गाडी पळवायची नसती, सर," मिस्त्रीनं समज दिली. ठिणगी पडली नाही की पेट्रोल न जळता एक्झॉस्टमध्ये जातं आणि पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा सोन्याच्या पंगतीतल्या धातूंचा लेप असतो. तो भाजून निघाला की दुरुस्तीचं बिल बघून मालक भाजतो.

"आणि मी पाटल्या बँकेत ठेवते!" आत्या म्हणाली.

नवी कॉइल आली, प्लगची खोबण वाऱ्यानं कोरडी झाली, दिवा विझला. भाचा केव्हाच परतला होता आणि साखरपुडा आमच्याविना उरकला होता. जेवणाची शेवटची पंगत मात्र सापडली. पेढे वेळेवर पोचले नाहीत म्हणून कुणाचं अडलं नाही.

परतताना बायकोनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. वाहनपूजेचं कुंकू अजून त्याच्या प्लास्टिकवर होतं, आणि प्लास्टिक फाडलेलं नव्हतं. त्यात सगळं लिहिलेलं निघालं. "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा," असं पोरांना कोण सांगायचं, हे तिनं साताऱ्यापर्यंत तीनदा विचारलं.

तेव्हा वाचकहो, पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मोटारीत रेल्वेचे नियम चालत नाहीत. आणि साखरपुडा कुणाचाही असो, आंघोळ आपण करावी, इंजिनाला घालू नये.