शांततेबद्दल अभिनंदन!

मा. सचिव महोदय,


लिफ्टशेजारी लावलेली आपली नोटीस वाचली. 'सोसायटीच्या आवारात मुलांनी खेळू नये, आरडाओरडा करू नये. नियमभंग झाल्यास पालकांकडून रु. ५०० दंड वसूल केला जाईल.' खाली शिक्का, सही आणि आधाराला ध्वनिप्रदूषण नियम, २०००. मनापासून अभिनंदन. संध्याकाळची कटकट एकदाची गेली.

त्या वेळेत आता काय काय ऐकू येतं म्हणून सांगू! बी विंगमधली गाडी रिव्हर्स घेताना वाजणारी देशभक्तीची धून. तिसऱ्या मजल्यावरचं फरशी कापायचं मशीन. वर जायचा कंटाळा म्हणून खालूनच हॉर्न देऊन बायकोला बोलावणारे एक सद्गृहस्थ. मुलांच्या गलक्यात हे सारं बुडून जायचं. आपल्या कृपेने आता स्वच्छ ऐकू येतं.

आपण दिलेले नियम मी मुद्दाम काढून वाचले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. त्यात लाउडस्पीकर आहेत, फटाके आहेत, हॉर्न आहेत, बांधकामाची यंत्रंही आहेत. 'टाइम प्लीज' कुठे सापडलं नाही. जर्मनीत रविवारी गवत कापायचं यंत्रसुद्धा चालवू देत नाहीत. त्या देशाने २०११ साली कायदा बदलला: पाळणाघरातून आणि खेळाच्या जागेतून येणारा मुलांचा आवाज सहसा उपद्रव धरायचा नाही. म्हणजे शिस्तीत आपण जर्मनांनाही मागे टाकलंत. (विसर्जनाला समितीने आणलेल्या डीजेने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, तो विषय काढत नाही. ती संस्कृती.)

वांद्र्याच्या साहित्य सहवासात विंदा करंदीकरांसारखे कवी राहत. त्याच आवारात प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा धाकटा चेंडू बडवत वाढला. तिथे आपल्यासारखा खमका सचिव नसावा. पुढे काय झालं ते आपण जाणताच. पण हा दाखला मी मागेच घेते. आमच्या आवारातून कुणी सचिन निघणार नाही. आमच्या मुलांतली दोघं तर साधा कॅच घेताना डोळे मिटतात. म्हणून त्यांनी खेळायचं नाही?

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते, खिडकीशी बसून. त्यामुळे या पोरांचा कायदा मला पाठ आहे. वन टप वन हँड आऊट. पार्किंगमध्ये गेला तर दोन डिक्लेअर. तळमजल्याच्या गॅलरीत गेला तर आऊट, आणि चेंडू मारणाऱ्यानेच आणायचा. सर्वांत धाकटी कच्चा लिंबू; तिला आऊट करायचं नाही, पण तिला ते कळू द्यायचं नाही. भांडण झालं की सगळे एकदम बोलतात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. आपली वार्षिक सभा आठवून पाहा.

नोटिशीनंतर एकदा ही मुलं डबा ऐसपैस खेळताना दिसली. कुजबुजत. डब्याऐवजी चप्पल ठेवली होती, डबा वाजतो म्हणून. पकडलेल्याचं नाव राज्य असलेला त्याच्या कानात जाऊन सांगत होता. मग वॉचमनकाका शिटी वाजवत आले आणि सगळी पांगली. त्या शिटीचे डेसिबल कुणी मोजले का हो? आठ-नऊ वर्षांच्या पोरांना आपल्याच घराखाली चोरासारखं खेळायला लावताय, लाज वाटत नाही?

असो. राग आवरते, कारण आपली बाजूही मला दिसते. हे बिनपगारी काम घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं. रात्री अकराला टँकर आला नाही म्हणून फोन आपल्याला, टाकी वाहिली तरी आपल्यालाच. चेंडूने आरसा फुटलेल्या गाडीचे मालक आपल्याच दारात येऊन ओरडले, तेही जिन्यात ऐकू आलं. आणि चेंडू जप्त केलात ना, तेव्हा मी खिडकीतच होते. मुलं दटावणी ऐकत होती आणि आपण तो चेंडू या हातातून त्या हातात फिरवत होतात. ती लेगस्पिनची पकड होती, साहेब. तुम्हीही कुणाच्या तरी काचा फोडल्या आहेत.

ही नोटीस रद्द करावी आणि संध्याकाळी सहा ते साडेसात पार्किंगचा मागचा पट्टा गाड्यांविना मोकळा ठेवावा, असा ठराव मी आपल्याकडे लेखी दिला आहे. आरशाच्या खर्चासाठी वर्गणी काढायची माझी तयारी आहे. सभा रविवारी सकाळी दहाला आहे. इतर सभासदांना एवढंच सांगणं: कोरम भरला नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होईल, मग जाऊ, असा हिशेब या वेळी करू नका. दहालाच या. मला अनुमोदक हवा आहे.

आपली,
ए विंग, पहिला मजला