फुटबॉल अकादमी कशी निवडावी : नवपालकांसाठी मार्गदर्शन

मुलाने सोफ्याच्या उशीला लाथ मारली की घरात फुटबॉलपटू जन्मला असं समजा. तो सहा वर्षांचा असेल तर तुम्हाला उशीरच झालाय. पण धीर सोडू नका, पैसे सोडा.

१. आधी नाव बघा. नावात युरोपातलं एखादं शहर हवंच. छातीवर स्पॅनिश क्लबचा बिल्ला आला की बालेवाडीच्या टर्फवरही माद्रिदचं वारं सुटतं. त्या क्लबचं माणूस इथे कधी फिरकतं का, असलं विचारून काउंटरवरच्या मुलीला अडचणीत आणू नका.

२. टर्फ नसेल तर गाडी वळवा. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना गर्दी लोटते, पण पालकांसाठी एसी लाउंज नाही. तिथल्याच एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, पुण्याच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. अशी उदाहरणं मनाला लावून घेऊ नका.

३. आता कोच. तो ‘लायसन्सवाला’ आहे एवढं ऐकून मान डोलवा. कुठलं लायसन्स, ते विचारू नका. फुटबॉल महासंघाच्या शिडीवर खालच्या बाजूला डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी म्हणजे काही दिवसांचा कोर्स. एका कोचमागे मुलं किती, बॉल किती, हे तर चुकूनही मोजू नका. तीस मुलांत चार बॉल असतील तर तासाभरात तुमच्या बाळ्याच्या पायाला बॉल जेमतेम लागेल. पण रांगेत उभं राहायची सवय लागेल, ती पुढे पासपोर्ट ऑफिसात कामी येते. बॉल देऊन मुलांना खेळू देणारा आणि स्वतः गप्प बघणारा कोच आळशी समजावा. ओरडतो तोच शिकवतो.

४. ट्रॉफ्यांचं कपाट बघा. दहा वर्षांखालच्या संघाच्या फोटोत एखाद्याला मिसरूड फुटलेलं दिसलं तर लगेच ॲडमिशन घ्या. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात खरं, पण ती पुढची कटकट.

५. किट अकादमीतूनच घ्या, दुप्पट भावात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चार नंबरचा बॉल लागतो. तुम्ही मात्र वाढत्या अंगाचा घ्या, पाच नंबरचा.

६. सामन्याच्या दिवशी टचलाइनवर उभे राहून “पास दे!” ओरडा. त्याच वेळी आईने “शूट!” ओरडावं. पोरगं गोंधळलं तर कोच बदला.

७. आठवीत फाउंडेशनचे क्लास लागले की फुटबॉल आपोआप सुटतो. वर्षाची फी मात्र परत मिळत नाही. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं, सही करण्याआधी चष्मा लावून वाचा.