वन बीएचकेतला खर्ज

मुलं मार्गी लागली आणि हातात चार पैसे उरले, की सोलापूरच्या माणसाला दोन गोष्टींची ओढ लागते : पुण्यात फ्लॅट किंवा घरात भारी साउंड सिस्टीम. पहिलीला पैसे पुरत नाहीत, म्हणून दुसरी घेतली जाते.

तसं या गावाला आवाजाची उणीव कधीच नव्हती. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण पूर्व भागात यंत्रमागांची खडखड आहे, गणपतीत लेझीम आहे, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेतला गलका आहे. शाहीर राम जोशी इथलेच. माइक नसताना त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर पोचल्या. आम्हाला मात्र जुळे सोलापुरातल्या १० बाय १२ च्या हॉलसाठी २०० वॅट हवे असतात.

सिस्टीम ऐकून घ्यायची तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठावं लागतं. शोरूमच्या खास खोलीत जाड गालिचा, भिंतींना फोम. तिथला मुलगा आपल्याला सोफ्यावर बसवून बासरी लावतो. वादकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. किंमत ऐकल्यावर आपला थांबतो.

वॅटचा हिशेब मात्र तो काढत नाही. साधारण स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८५-८७ डेसिबल आवाज देतो. घरात एवढं पुष्कळ झालं. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर १० लागतात, म्हणजे वॅट दहापट. पखवाजाच्या एखाद्या सणसणीत थापेपुरते थोडे जास्त धरा. बाकीचे वॅट लॉकरमधल्या सोन्यासारखे : घालायचं कधीच नाही, पण आहे याचं समाधान.

खऱ्या रसिकांचा जीव ‘क्लास ए’ ॲम्प्लिफायरवर असतो. हा गाणं चालू नसतानाही पूर्ण वीज खातो आणि तिची उष्णता करून खोलीत सोडतो. युरोपातल्या हिवाळ्यात ते सुखाचं असेल. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, पैसे मोजून शेगडी विकत घेतल्याचं पुण्य मिळतं. मग कूलर लावायचा, आणि त्याच्या घरघरीत बासरीवाल्याचा श्वास जातो.

सगळ्यात अवघड काम जागेचं. स्पीकर भिंतीला चिकटवले तर खर्ज फुगतो, म्हणून ते पुढे ओढायचे, आणि दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. आमच्या हॉलमध्ये दोन-दोन फुटी फरश्या, पाच आडव्या, सहा उभ्या. मागच्या भिंतीपासून एक फरशी सोडली, दोन स्पीकरांत तीन फरश्या ठेवल्या, टेपने त्रिकोण आखला. ऐकणाऱ्याची जागा बरोबर स्वयंपाकघराच्या वाटेत आली. “अहो, तुमच्यावरून उडी मारून चहा आणू का?” असं विचारलं गेलं. त्रिकोण थोडा विषमभुज केला.

खर्जाला तर भूमितीही कळत नाही. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे २८ फूट, हॉल १२ फुटांचा. तो कोपऱ्यात साठतो, दिवाणावर घुमतो, खुर्चीवर गायब होतो आणि भिंती ओलांडून लोकांकडे जातो. वरचे सूर आवरायला महागडी पॅनेल मिळतात. आम्ही कपाटातली सोलापुरी चादर काढली. भिंतीपासून चार बोटं सोडून, चुण्या पाडून टांगली की टाळ-चिपळ्यांचा कर्कशपणा नरमतो. खर्ज मात्र चादरीला दाद देत नाही. त्याच्यासाठी कोपऱ्यात गादीची वळकटी उभी केली, थोडाफार ऐकतो.

उरलेला खालच्या मजल्यावर गेला. खालच्या वहिनी वर आल्या. “काय ओ भाऊजी, आमची भांडी वाजलालीत की!” ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, मांडणीवरच्या वाट्यांची मर्यादा त्यात दिलेली नाही. गंमत म्हणजे याच वहिनी विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे तासभर हौसेने उभ्या असतात. तेव्हा लक्षात आलं, की बिल्डिंगमध्ये आवाज मीटरवर मोजला जात नाही. गाणं कोणाच्या आवडीचं, यावर तो लहान किंवा मोठा ठरतो.

पुढे एका एकादशीला अभंग लावला होता. जिन्यात पावलं वाजली म्हणून घाईने आवाज कमी केला, तरी बेल वाजलीच. वहिनी. “कमी कशाला केलात ओ? आमच्या सासूबाई ऐकलालत्या की!”

आता सिस्टीम आमची आणि फर्माईश खालची, असं चाललं आहे. सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे अधूनमधून दुसरा वॅटही वापरात येतो.